नाताळच्या बक्षिसाची पुस्तकं: तुमच्या यादीतलं चौथं नाव आधी काढा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. शब्बाथ शाळेची, म्हणजे रविवारच्या बायबलच्या वर्गाची, २५ मुलं, वय १३ ते १७, नाताळच्या कार्यक्रमात बक्षीस म्हणून ‘प्रेरणादायी ख्रिस्ती पुस्तकं’ द्यायचीत, खर्च ५ हजारांच्या आत. सहा नावं देऊन तुम्ही विचारलंत, यातली कुठली घेऊ? दुकानं, सवलती वगैरे वर बाकीच्यांनी सांगितलंच आहे. मी लिहायला बसलो तो तुमच्या यादीतल्या चौथ्या नावामुळे. प्रार्थनेने आजारातून बऱ्या झालेल्यांच्या साक्षींचं, म्हणजे त्यांनी सांगितलेल्या अनुभवांचं पुस्तक. अगदी तेच नव्हे, पण त्याच जातीचं एक पुस्तक मी १२ वर्षांपूर्वी ४० मुलांच्या हातात दिलं होतं.

आधीच सांगून टाकतो. मी पाळक नाही, सेमिनरीची पायरी चढलेलो नाही. १६ वर्षं शब्बाथ शाळा घेतली आणि त्यातली काही वर्षं मंडळीच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती, एवढीच पात्रता. आमची मंडळी प्रोटेस्टंट. कॅथलिक मुलांना दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) विधीच्या वेळी काय देतात ते वसईकरांनी सांगावं. आणि हो, प्रार्थनेने माणूस बरा होत नाही असं मी म्हणत नाहीये. हे मुद्दाम लिहितोय, नाहीतर खाली त्यावरच जुंपेल.

तर झालं असं. ख्रिस्ती पुस्तकांच्या एका डेपोत योजना होती, ४० प्रती घेतल्या तर निम्मी किंमत. मुखपृष्ठावर डोंगरमाथ्यावर हात पसरून उभा असलेला मुलगा, पाठीमागे ‘खास तरुणांसाठी’. मी पहिली दोन प्रकरणं वाचली. एकाची दारू सुटली, एकाचं मोडलेलं घर सावरलं. बरं वाटलं. पुढचं नुसतं चाळलं आणि पैसे भरले.

वर्गात दहावीचा एक मुलगा होता. त्याच्या आईच्या किडन्या निकामी झालेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मला माहीत होतं. सगळ्या मंडळीलाच माहीत होतं, दर रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत तिचं नाव असायचं. पुस्तक देताना, आता सांगायलाही लाज वाटते, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “तू हे नक्की वाच.”

सातव्या प्रकरणात एक बाई औषधं बंद करते आणि ठणठणीत बरी होते. खाली चौकटीत वाचकाला विचारलं होतं की तुमच्या घरातला आजार अजून हटला नसेल, तर तुमच्या विश्वासात कुठे कमी आहे ते तपासा. पोराने ती चौकट पेन्सिलीने गोल केली होती. हे मला कळलं आई गेल्यानंतर. त्याच्या मावशीने पुस्तक परत आणून दिलं, काही बोलली नाही, फक्त ते पान दुमडलेलं होतं. मागाहून समजलं की बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना त्याने कुणाला न सांगता तीन दिवस उपास केला होता. त्याचा हिशेब सरळ होता. आई गेली, म्हणजे माझाच विश्वास कमी पडला. तो पुन्हा शब्बाथ शाळेत आला नाही. मी दोनदा घरी गेलो. दोन्ही वेळा त्याने चहा आणून दिला आणि आत निघून गेला.

मला सगळ्यात जास्त कशाने खाल्लं सांगू? त्याला द्यायला हवं होतं ते त्याच्या घरातल्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, होतंच. संकटांनी घेरलेल्या ईयोबाला त्याचे मित्र जे ऐकवत होते, की तुझंच काही चुकलं असणार, तेच ते पुस्तक ऐकवत होतं, आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, काढ म्हणून देवाला तीनदा विनवलं, काटा निघाला नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणाला, दोघांचंही नाही. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. हे सगळं मी वर्षानुवर्षं शिकवलेलं, आणि डिसेंबरात निम्म्या किमतीला भुललो.

मी घरोघरी फिरून ३१ प्रती गोळा केल्या. डेपोवाले म्हणाले मंडळीच्या लेटरहेडवर अर्ज आणा. आणला. मग पास्टोरेट कमिटीचा, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीचा, ठराव आणा. तोही आणला. मग सही करणारे साहेब दौऱ्यावर. पाचव्या खेपेला उत्तर मिळालं, “योजनेतली पुस्तकं परत घेत नाही.” हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं? आणि प्रकाशकाला पत्र लिहितो म्हटलं तर म्हणाले, इतकी वर्षं विकतोय, कुणाची तक्रार नाही. ते गठ्ठे अजून आमच्या माळ्यावर आहेत. बायबलची वचनं छापलेली आहेत म्हणून रद्दीत घालवत नाही. असो.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे, कुणाला पटो न पटो. ज्या पुस्तकात प्रत्येकाचं शेवटी भलंच होतं ते या वयाला देत नाही. पोरांना सगळं कळतं. पंधरा वर्षांच्या मुलाला न फळलेल्या प्रार्थनेनंतरही टिकलेला माणूस दाखवावा.

असा माणूस शोधायला लांब जायला नको. पंडिता रमाबाई घ्या. दुष्काळात आईवडील गेले, भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा गेला. १९२१ मध्ये मनोरमा, एकुलती एक मुलगी, तिच्या आधी गेली. कानांनी नीट ऐकू येत नव्हतं. तरी ही बाई केडगावात बसून बायबलचं भाषांतर करत राहिली. १९२२ मध्ये वारली, तिचं बायबल १९२४ साली बाहेर पडलं, तेही तिच्याच केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून. फक्त तिला संगमरवरी पुतळा करून ठेवणाऱ्या पुस्तिका टाळा. इंग्लंडातल्या सिस्टरांशी (मठातल्या जोगिणींशी) धर्माच्या प्रश्नांवर पत्रांतून वाद घालणारी रमाबाई ज्यात आहे ते चरित्र घ्या, मुलींना तीच आवडते.

दुसरं, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी. मधल्या काळातला राग, ताटातूट, स्वतःच्या सोवळ्याओवळ्याची स्वतःच उडवलेली टर, सगळं त्यात आहे. पोरं हसतात हो वाचताना! अख्खं पुस्तक जाड आहे, संक्षिप्त आवृत्ती बघा.

इंग्रजी माध्यमाची मोठी मुलं असतील तर कोरी टेन बूम यांचं ‘द हायडिंग प्लेस’. हे हॉलंडमधलं कुटुंब; ज्यूंना घरात लपवलं म्हणून १९४४ मध्ये नाझींनी सगळ्यांना पकडलं. वडील तुरुंगात दहा दिवसांत वारले, बहीण बेट्सी राव्हेन्सब्रुकच्या नाझी छळछावणीत. बहीण बराकीतल्या पिसवांबद्दलही देवाचे आभार मानते आणि कोरीला ते काही केल्या पटत नाही, तो भाग मी वर्गात वाचून दाखवतो. न पटणारी कोरी पोरांना आपली वाटते. छळछावणीची वर्णनं आहेत, म्हणून १५ च्या खाली नको असं माझं मत.

भाषेचं म्हणाल तर कुठलंही पान उघडून वर्गातल्या एकाला मोठ्याने वाचायला सांगा. ‘नीतिमान ठरणे’, ‘पवित्रीकरण’ असे शब्द ओळीओळीला आले आणि पोरगं अडखळलं, की ठेवून द्या. आपली निम्मी पोरं घरी मराठी बोलतात पण वाचतात बोट ठेवून. त्यात भाषांतर कच्चं असेल तर संपलंच.

आणखी एक, रागावू नका. तुमच्या यादीत मुलींसाठी ‘शुद्धतेचं’ आणि मुलांसाठी ‘नेतृत्वाचं’ पुस्तक दिसतंय. असं का हो? द्यायचंच तर दोन्ही सगळ्यांना द्या. माझ्या मते दोन्ही नकोत.

एकाच पुस्तकाच्या २५ प्रती घेऊ नका. आठ नावं, प्रत्येकी तीन प्रती, एखादी जादा. मग पोरं आपसांत अदलाबदल करतात, आमच्याकडे उन्हाळ्यापर्यंत चालायची. आणि घेण्याआधी प्रत्येक पुस्तक शेवटच्या पानापर्यंत तुम्ही स्वतः वाचा, पाळकसाहेबांनी शिफारस केलेलं असलं तरी. आठ पुस्तकं, नाताळला अजून सात आठवडे आहेत, होईल.

संक्षिप्त ‘स्मृतिचित्रे’च्या दोन जादा प्रती माझ्याकडे आहेत, जुन्या पण पानं शाबूत. तुमच्याकडून कुणी नगरला येणार असेल तर निरोप टाका, देऊन ठेवतो.