रुंद रिम घ्या, पण आधी तिचा बेड बघा

रोड आणि सायक्लोक्रॉस (चिखल, वाळू, गवतावरची सायकल शर्यत) दोन्हीला चालेल अशी ट्युब्युलर, म्हणजे टायर रिमला ग्लूने चिकटवायच्या चाकांची एकच जोडी हवी, आणि बाहेरून २८ मिमी रुंद, ५० मिमी खोल कार्बन रिम मनात भरलीये, घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. सांगतो, पण तो २८ चा आकडा जरा बाजूला ठेवा.

क्लिंचरचं, म्हणजे कडा रिममधे अडकवून बसणाऱ्या साध्या टायरचं गणित इथे चालत नाही. क्लिंचरमधे रिम आतून रुंद झाली की टायरच्या कडा लांब जातात आणि टायर जाडा होतो. ट्युब्युलर म्हणजे शिवून बंद केलेली नळी, २५ चा टायर कुठल्याही रिमवर २५ च्या आसपासच राहणार. रुंदीचा फायदा म्हणजे टायरला खालून आधार आणि ग्लूला जागा. रोडवर हवा कापायला रिम टायरपेक्षा निदान ५ टक्के रुंद असावी असा एक ठोकताळा आहे, म्हणजे २५ ला साधारण २६, तुमची २८ आरामात बसते. क्रॉसमधे यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या) नियमाने टायर ३३ पर्यंत, तिथे हा हिशोब सोडूनच द्या.

खरी गोम बेडमधे आहे. टायर जिथे चिकटतो त्या खोलगट भागाची गोलाई टायरच्या गोलाईशी जुळायला हवी. जुन्या अरुंद रिम्स २१-२३ च्या टायरसाठी केलेल्या, समजा बेड १८ मिमी रुंद आणि त्रिज्या ११ मिमी, त्यावर ३३ चा टायर ठेवला, त्याची त्रिज्या साडेसोळा, तर तो फक्त दोन्ही कडांवर टेकतो आणि मधे कागदावर तरी जवळजवळ २ मिमी पोकळी राहते!! ही पोकळी भरायलाच क्रॉसवाले ग्लूच्या थरांमधे बेल्जियन टेप नावाची कापडी टेप घालतात. उलट बेड रुंद आणि उथळ असेल तर क्रॉस टायर मस्त बसतो पण रोडचा २३ मधेच टेकतो आणि कडा अधांतरी. म्हणजे दोन्हीला अगदी फिट असा बेड नसतोच, कुठे तडजोड करायची ते तुम्ही ठरवा.

माझा क्रॉस टायर एकदा वळणावर निघाला होता, चूक माझीच, अरुंद रिमवर नुसत्या ग्लूने लावला आणि हवा दीड बार. क्रॉसमधे हवा इतकी कमी असते की वळताना टायर कडेला खेचला जातो, आणि तिथे ग्लूने धरलं नसेल तर सोलल्यासारखा उठतो. तेव्हापासून नवी रिम आली की बेडवर खडू घासतो, टायर कोरडाच चढवतो, आकार येईल इतकीच हवा भरतो, मग काढून बघतो टायरच्या तळाच्या कापडी पट्टीला खडू कुठे लागलाय. व्हॉल्व्हपाशी पट्टी जाड असते, तिथे रिमचं भोक वरून थोडं खोलगट नसेल तर नेमका तिथे टायर उचललेला राहतो आणि चाक फिरताना टप टप लागतं.

खोली ५० नको, ३५-४० पुरे, आडव्या वाऱ्यात पुढचं चाक हातातून ओढतं. वाळूत खोल रिम बरी चालते हे खरंय, पण तेवढ्यासाठी कशाला.

रिम ब्रेक (पॅड थेट रिमवर दाबणारे) असतील तर २० वरून २८ वर जाताना प्रत्येक बाजूला ४ मिमी जागा लागते, कँटिलिव्हर (दोन बाजूंना वेगळे हात असलेल्या) ब्रेकचे पॅड नव्याने लावावे लागतात, आणि सरावाची जुनी चाकं टाकली की परत तेच. पॅड कार्बन रिमसाठीचेच घ्या आणि अल्युमिनियम रिमवर वापरलेले तर अजिबात नको, त्यात धातूचे कण रुतलेले असतात, रिम खरवडून निघते.

आता एकच जोडी. दर सीझनला टायर सोलायचा, परत दोन-तीन थर ग्लू, प्रत्येक थर सुकू द्यायचा, आणि सोलताना कधी पट्टीच टायरपासून सुटून येते. मी असतो तर रुंद ट्युब्युलर जोडी क्रॉसलाच ठेवली असती आणि रोडला साधे क्लिंचर. तरी एकाच जोडीवर दोन्ही करायचं असेल तर रोडला २३ ऐवजी २८ चा टायर लावा, फ्रेममधे मावतो का ते आधी मोजा, तो त्या रुंद बेडवर बराच नीट बसेल.