नव्यानं देव सोडलेल्या दोस्ताला

भाऊ, तू देव सोडलास, आता तसेच दोस्त भेटायलेत, लई चांगलंय, पण सगळ्यांचं सोडणं सारखं नसतंय बघ. मी लातूरचा, आरतीला उभा नाही राहिलो तर आई दोन दिवस बोलत नाही, बास एवढंच, येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, शेतात भज्जी-आंबील खायला मला कोणी अडवत नाही. माझा एक दोस्त मुसलमान घरातला, त्यानं नमाज सोडली हे सख्ख्या बहिणीलाबी माहीत नाही. अशाला चारचौघात 'खुलून बोल की' म्हणू नको, सोबतचा फोटो तर विचारल्याशिवाय कुठंच टाकू नको, त्याचं घर, लग्न, नातंगोतं सगळं त्यात अडकलेलं असतंय.

आणि बौद्ध दोस्ताला 'तुमचाबी धर्मच की' असं तोंडावर फेकू नको. मी फेकलं होतं, तो महिनाभर बोलला नाही, अन् चूक माझीच होती. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी दीक्षा घेतली, त्यात त्याचे आजोबा होते. वाद घाल ना, पण आधी त्याच्या घरी जेवायला जा, म्हाताऱ्या माणसांचं ऐक. मी गेलो तवा आजोबांनी पेटीतून त्या दिवशीचं पांढरं धोतर काढून माझ्या हातात दिलं, मग माझ्याच्यानं काही बोलणंच झालं नाही.