जोडलेल्या दोन ओळी

पत्र : माझी पंधरा वर्षांची मुलगी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघात जाते. नाताळच्या सुट्टीतील शिबिरात मुलांनी आपापली साक्ष द्यायची, म्हणजे देवाविषयीचा स्वतःचा अनुभव सर्वांसमोर सांगायचा होता. तिने माझ्या वडिलांच्या आजारपणावर एक पान लिहिले होते. शेवट अर्धवट वाटला म्हणून मी दोन ओळी घातल्या. आयत्या वेळी ती उठली, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि काही न बोलता खाली बसली. पाळकसाहेबांसमोर माझी मान खाली गेली. तिचा विश्वास ढळला असेल का? – एक आई, वास्को

भगिनी,

तुमचे बहुतेक पत्र मंडळीत झालेल्या शोभेने भरले आहे. माझे लक्ष मात्र तुम्ही जाता जाता सांगितलेल्या त्या दोन ओळींतच अडकले. सोबत पाठवलेले पान मी तीनदा वाचले. इस्पितळाच्या बाकावर आजोबांचा चष्मा हातात धरून आपण रात्रभर प्रार्थना केली, पहाटे ते गेले आणि चष्मा अजून आपल्या दप्तरात आहे, एवढे लिहून मुलगी थांबली आहे. त्याखाली तुमच्या अक्षरात आहे, ‘देवाची योजना आपल्या योजनेहून मोठी असते हे मला कळले. प्रभूला धन्यवाद.’

तिला ते कळलेले नाही. तुम्ही तिच्या हाती खोटी साक्ष दिलीत, आणि शब्द कडक वाटला तरी मी तो बदलणार नाही. दहा आज्ञा तुम्हीच तिच्याकडून पाठ करून घेतल्या असतील. त्यांतील खोटी साक्ष न देण्याची आज्ञा त्या दिवशी तिने पाळली, आणि तुम्ही विचारता की विश्वास ढळला का!

आज रात्री बायबलमधील 88 वे स्तोत्र काढा. इतर विलापस्तोत्रे बहुधा शेवटी स्तुतीकडे वळतात, पण हे वळत नाही. ते अंधारावरच संपते, आणि तरीही 150 स्तोत्रांत ते जसेच्या तसे राहिले आहे. आपल्या मराठी मंडळीतलेच पाहायचे तर नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्याच निर्णयासाठी त्यानंतर पाच वर्षे घेतली. घरात इतका मोठा कवी असूनही लक्ष्मीबाईंचा निर्णय त्यांनाच करावा लागला.

आणखी एक. वडील तुमचे गेले, पण त्यांच्याविषयी तुमच्या पत्रात एवढा एकच उल्लेख आहे. मला वाटते, त्या दोन ओळींची गरज मुलीपेक्षा तुम्हाला अधिक होती. तसे असेल तर पुढच्या उपासनेत उभ्या राहून त्या स्वतःच्या म्हणून सांगा. त्यात काहीच गैर नाही.

पण त्याआधी, आजच, त्या पानावरील तुमच्या दोन ओळी तिच्यासमोर तुमच्याच पेनाने खोडा आणि पान तिला परत करा. शिबिराचा विषय काढू नका. चष्मा बघायला मागा.