घरातल्या एआर-१५ साठी काडतुसं: हिरव्या टोकाची नकोत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत डॅलसजवळ स्वतःचं घर, एआर-१५ रायफल घेऊन झाली, मुलांची खोली भिंतीपलीकडे आणि दुकानदार म्हणतोय, ‘हिरव्या टोकाची ६२ ग्रेन (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) घेऊन टाका, सगळ्यात दमदार.’ घ्यावीत का?

नका घेऊ. ती एम८५५, सैन्यासाठी बनलेली. आत पुढच्या बाजूला पोलादाचा तुकडा असतो, लांबवरच्या शिरस्त्राणातून आरपार जावं म्हणून. तुमच्याकडे भिंत म्हणजे लाकडी चौकट, दोन्ही अंगांना अर्ध्या इंचाची ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचा पातळ पत्रा, मध्ये पोकळी. पुण्याच्या फ्लॅटमधली विटांची भिंत विसरा.

आता कटू भाग. ड्रायवॉल कुठल्याच कामाच्या गोळीला अडवत नाही. ९ एमएम पिस्तूल असो की बारा बोअरच्या शॉटगनचे छर्रे, सगळं पलीकडे जातं. एआर-१५ मध्ये चालणाऱ्या .२२३ मापाची हलकी, फुलणाऱ्या टोकाची गोळी वेगात असते, भिंतीला लागली की आडवी-तिडवी होते, बऱ्याचदा फुटते आणि तिचा जोर लवकर ओसरतो. तरी दोन-तीन भिंती पार करू शकते. म्हणून मुलांच्या खोलीच्या दिशेला नळी कधीच जाणार नाही अशी उभं राहायची जागा आधी पक्की करा, काडतुसं नंतर.

मी ५५ ते ६४ ग्रेनमधली सॉफ्ट पॉइंट (टोकाला उघडं शिसं) किंवा स्वसंरक्षणासाठीच बनवलेली हॉलो पॉइंट (टोकाला पोकळी) घेईन; दोन्ही लागल्यावर फुलतात. पूर्ण तांब्याच्या वेष्टनाची स्वस्त गोळी सरावाला ठेवा. खारी, प्रेअरी डॉग (खारीसारखा बिळात राहणारा प्राणी) मारायची ४० ग्रेनची काडतुसंही लोक सुचवतात. ती फार वरवर फुटतात. अमेरिकी तपास यंत्रणा एफबीआय, शरीराच्या जागी घट्ट जेल वापरून केलेल्या चाचणीत, गोळी १२ ते १८ इंच खोल जावी असं मागते, त्यामागे कारण आहे.

नळीवर काय कोरलंय ते वाचलंत का? ५.५६ नाटो (.२२३ सारखंच, पण जास्त दाबाचं सैनिकी माप) असेल तर .२२३ बिनधास्त चालतं. उलट करू नका, नुसत्या .२२३ च्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, ५.५६ टाकलं तर दाब धोक्याच्या पातळीला जाऊ शकतो. ७७ ग्रेनच्या मोहात पडलात तर नळीच्या आतल्या खाचांचा पीळ १:८ किंवा १:७ हवा, म्हणजे ८ किंवा ७ इंचांत एक पूर्ण वळसा. निवडलेल्या काडतुसांची निदान काही मॅगझिनं तुमच्याच रायफलीतून झाडून बघा. अडकत असतील तर ती कितीही नावाजलेली असोत, बाद.

व्हिसाचं तुम्ही लिहिलं नाहीत. एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूकच काय, एक काडतूसही बाळगता येत नाही. राज्याचा वैध शिकार परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवर ही आडकाठी नाही. ‘बायको सिटिझन आहे, तिच्या नावावर घेऊ’ ही युक्ती मात्र अंगाशी येते, कारण सेफ तुम्हालाही उघडता येत असेल तर ताबा तुमचाही धरला जाऊ शकतो. वकिलाला विचारा.

घरात मुलं आहेत म्हणजे सेफ बंद आणि चेंबर रिकामा. तेच काडतूस पुन्हा पुन्हा चढवू-उतरवू नका. एआरची फायरिंग पिन सैल असते, दर वेळी बोल्ट आपटला की काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर (प्रायमरवर) बारीक खळी उमटते, आणि गोळी पुंगळीत आत सरकू शकते. सरकली की दाब वाढतो. नवं काडतूस शेजारी उभं धरा. जुनं आखूड दिसलं तर ते झाडू नका, वेगळं काढा.