किचनच्या नळाला पाणी नाही, पाइप गोठला असावा. सिंकमध्ये उकळतं पाणी ओतू का?

नको. सिंकमध्ये ओतलेलं पाणी खाली ड्रेनमध्ये निघून जातं. गोठलाय तो पाणी वर आणणारा पाइप, आणि त्याचा ड्रेनशी काही संबंध नाही. उघड्या पाइपवर उकळतं पाणी ओतायचं मनात असेल तर तेही नको. थंडीने आखडलेल्या पाइपला एकदम इतकी उष्णता दिली तर तो तडकू शकतो.

तुम्ही लिहिलंय की यंदाच पुण्याहून शिकागोजवळच्या भाड्याच्या टाउनहाउसमध्ये आलात, रात्री उणे २२ अंश सेल्सिअस झालं, सकाळी किचनच्या नळाला थेंब नाही पण बाथरूमला पाणी आहे, आणि घरमालक उद्या प्लंबर पाठवतो म्हणतोय. बाथरूमला पाणी आहे ही चांगली गोष्ट आहे. घरात येणारी मुख्य लाइन मोकळी आहे, अडलंय ते किचनकडे जाणाऱ्या फाट्यात. इथल्या बहुतेक घरांत सिंक खिडकीखाली, म्हणजे बाहेरच्या भिंतीला लागून असतं, आणि पाइप त्याच भिंतीतून नाहीतर सिंकखालच्या कपाटातून वर येतात. सगळ्यात आधी गोठतात ते हेच.

आता पहिलं काम, आणि हे पाइप गरम करायच्या आधीचं आहे: घराचा मेन व्हॉल्व्ह, म्हणजे अख्ख्या घराचं पाणी बंद करायची चावी, शोधा. बेसमेंट असेल तर रस्त्याकडच्या भिंतीपाशी, पाण्याच्या मीटरजवळ सापडेल. बेसमेंट नसेल तर वॉटर हीटर ज्या खोलीत आहे तिथे बघा. दांडीचा असेल तर दांडी पाइपला आडवी केली की बंद. गोल चाकाचा असेल तर घड्याळाच्या दिशेने फिरवा. जुनं चाक अडकलं असेल तर जोर लावू नका, दांडा तुटला तर नवीनच संकट. सापडला नाही तर घरमालकाला आत्ताच फोन करा आणि जागा विचारून घ्या. याला ‘उद्या’ चालणार नाही.

एवढा आग्रह का, ते सांगतो. पाण्याचं बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं हे आपण शाळेत शिकलोय, म्हणून वाटतं की जिथे बर्फ तिथेच पाइप फुटणार. बहुतेक वेळा तसं होत नाही. बर्फाचा बोळा पाइपमध्ये वाढत जातो आणि पुढचं पाणी बंद नळाकडे ढकलतो. बोळा आणि नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या त्या पाण्याला जायला वाट नसते, दाब वाढत जातो आणि शेवटी पाइप फाटतो. तो फाटतो भलत्याच जागी, कधी कधी तर जिथे बर्फाचा कणही नाही अशा उबदार भागात. आणि फाटला तरी लगेच काही दिसत नाही, कारण मागे बर्फाचं बूच बसलेलं असतं. बर्फ वितळला की पाणी सुटतं. तांब्याच्या पाइपला लांबीत गेलेली अशी चीर मी हातात घेऊन पाहिली आहे: बोटाच्या पेराएवढी, कडा बाहेर वळलेल्या, आणि आजूबाजूचा पाइप अगदी नव्यासारखा चकचकीत. जेमतेम ३ मिलिमीटरच्या चिरेतून दिवसाला साडेनऊशे लिटरच्या आसपास पाणी जाऊ शकतं असा आकडा इथले विमावाले नेहमी देतात. म्हणजे आपल्याकडची गच्चीवरची हजार लिटरची टाकी जवळजवळ अख्खी, भिंतीत आणि लाकडी फरशीत.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात हेच झालं. १६ तारखेला डॅलस उणे १९ पर्यंत उतरलं होतं, लाखो घरांची वीज गेलेली, आणि तिकडे कितीतरी घरांत पाण्याचे पाइप माळ्यावरून जातात. आमचे ओळखीचे लोक तेव्हा सांगत होते की ऐन गारठ्यात छत कोरडं होतं, घर पुन्हा तापायला लागल्यावर ते गळायला लागलं.

म्हणून घरातल्या एकाला मेन व्हॉल्व्हपाशी उभं करा आणि मगच पाइपला हात लावा.

किचनचा नळ पूर्ण उघडा, गरम आणि थंड दोन्ही बाजूंनी. यामुळे कोंडलेला दाब सुटतो आणि वितळलेल्या पाण्याला वाट मिळते. सिंकखालचं कपाट रिकामं करा, दारं सताड उघडा. आत हात घालून पाइप चाचपा. गोठलेला भाग बाकीच्यापेक्षा बर्फासारखा गार लागतो, कधी वर पांढरं दंव दिसतं, कधी थोडा फुगवटा. फुगवटा किंवा चीर दिसली तर गरम करायचं नाही. मेन बंद करा आणि प्लंबरची वाट बघा.

तसं काही दिसलं नाही तर हेअर ड्रायर घ्या. सुरुवात नळाच्या बाजूने करा आणि हळूहळू भिंतीकडे सरका. मधूनच तापवलं तर वितळलेलं पाणी दोन्हीकडच्या बर्फात अडकतं आणि तिथे पुन्हा दाब तयार होतो. ड्रायर एका जागी धरून ठेवू नका. पाइप पांढरा, लाल किंवा निळा प्लॅस्टिकचा असेल तर हातभर लांबूनच हवा द्या, प्लॅस्टिक मऊ पडतं. कपाटात पाणी सांडलेलं असेल तर आधी पुसून घ्या, ओल्यात विजेचं उपकरण नको. ड्रायर नसेल तर गरम पाण्यात पिळलेले टॉवेल पाइपला गुंडाळा आणि गार झाले की बदला. यात जोखीम सगळ्यात कमी आहे, फक्त वेळ जातो.

पाइप भिंतीच्या आत गोठला असेल तर हात पोचणार नाही. मग खोलीच तापवायची. घराचा थर्मोस्टॅट, म्हणजे घर किती तापवायचं ते ठरवणारं यंत्र, वाढवा, छोटा इलेक्ट्रिक हीटर असेल तर कपाटासमोर मीटरभर अंतरावर ठेवा, तो थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा, एक्स्टेन्शन बोर्डाला नाही. टेबलफॅनने गरम हवा कपाटात ढकलली तरी फरक पडतो. अर्धा तास लागेल किंवा तीन-चार तासही लागतील. घाई करून काही होत नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. ब्लोटॉर्च, कोळशाची शेगडी, बार्बेक्यूची गॅसची शेगडी यातलं काहीही घरात पेटवू नका. ओव्हनचं दार उघडं टाकून किंवा गॅसचे चारही बर्नर लावून किचन तापवू नका. पुण्यात खिडक्यांच्या फटींतून वारा खेळत असतो, इथली घरं थंडीसाठी घट्ट बंद केलेली असतात. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि दरवर्षी थंडीत त्याने माणसं जातात. ब्लोटॉर्चने पाइपातला बर्फ वितळवताना भिंतीतल्या लाकडाने पेट घेतल्याच्या घटना तर इथे सतत ऐकू येतात.

बर्फ सुटायला लागला की नळ आधी खाकरतो, हवा फसफसते, मग करंगळीपेक्षा बारीक धार येते. लगेच बंद करू नका. वाहतं पाणीच उरलेला बर्फ विरघळवतं. धार पूर्ण झाली की दहा मिनिटं तशीच सोडा, आणि तेवढ्या वेळात टॉर्च घेऊन कपाट, भिंतीचा तळ आणि खालच्या खोलीचं छत बघा. मग घरातले सगळे नळ बंद करून मीटर बघा. बऱ्याच मीटरवर एक छोटा त्रिकोण किंवा चक्री असते. सगळं बंद असूनही ती फिरत असेल तर कुठेतरी गळतंय. तेव्हा मेन बंद, वॉटर हीटर बंद, आणि घरमालकाला पुन्हा फोन.

आज रात्री पुन्हा तेवढीच थंडी पडणार असेल तर किचनचे गरम आणि थंड दोन्ही नळ बारीक धारेने चालू ठेवा. ठिबकणारा नळ बघून उठून तो घट्ट करायचा हे आपल्या अंगात मुरलेलं आहे, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला रात्रभर पाणी सोडून देणं जिवावर येतं. मलाही येतं. पण ती धार दाब साठू देत नाही, तिच्यामुळेच पाइप वाचतो. धारेखाली पातेलं ठेवा, सकाळी ते पाणी भांड्यांना वापरा. कपाटाची दारं रात्रभर उघडी ठेवा, लहान मूल असेल तर आतली साबणं-रसायनं आधी हलवा. गॅरेजचं दार बंद ठेवा. थर्मोस्टॅट रात्री खाली आणायची सवय असेल तर असल्या दिवसांत आणू नका, आणि डिसेंबरात भारतात जाल तेव्हाही १३ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवून जाऊ नका.

कायमचा इलाज घरमालकाने करायचा आहे. इलिनॉय विद्यापीठात यावर संशोधन झालंय. त्यात आवरण नसलेल्या पाइपसाठी धोक्याची पातळी बाहेरचं तापमान उणे ७ ही निघाली, आणि फटीतून येणारा वारा पाइपला किती लवकर गोठवतो हेही दिसलं. शिकागोत उणे ७ म्हणजे हिवाळ्यातला साधा दिवस. तेव्हा सिंकमागे पाइप जिथून भिंतीत शिरतो तिथली फट बुजवणं आणि पाइपवर फोमचं आवरण चढवणं, एवढं त्याच्याकडून करून घ्याच. सामान स्वस्त आहे, काम तासाभराचं.

त्याला फोन केलात तरी सोबत लेखी मेसेजही पाठवा: किती वाजता पाणी बंद दिसलं, घरात किती तापमान ठेवलं होतं, कपाटातल्या पाइपचा आणि थर्मोस्टॅटचा फोटो. पुढे पाइप फुटल्याचं निघालं तर घर तापवलेलं होतं का हा विम्यावाल्यांचा पहिला प्रश्न असतो. घरमालकाचा विमा भिंती-फरशीपुरता असतो, तुमचे गालिचे, लॅपटॉप, सोफा त्यात येत नाहीत. त्यासाठी भाडेकरूचा वेगळा विमा लागतो. तो घेतला असेल तर त्याचे कागद आजच शोधून ठेवा.