बिल्डिंगखालच्या कुत्रीच्या चार पिल्लांपैकी एकाला पार्व्हो (कुत्र्यांना होणारा जुलाब-उलट्यांचा विषाणूजन्य रोग) झालाय. घरी ठेवून बरं करता येईल का? बाकीची तीन वाचतील का?

घरी ठेवून, असं विचाराल तर माझं उत्तर नाही. दोन महिन्यांचं पिल्लू, कालपासून रक्ताची शी, पाणी प्यायलं तरी उलटी, किटवर पॉझिटिव्ह, असं तुम्ही लिहिलंय. त्याला आज सलाईन लागलं पाहिजे. 'उद्या बघू'मध्येच अशी पिल्लं जातात.

मी ठाण्यात रस्त्यावरच्या कुत्र्यांचं बघते. दर थंडीत पिल्लं झाली की पार्व्होचे फोन सुरू होतात आणि प्रत्येकाला कुणीतरी हळद-ताक नाहीतर गोळी सांगितलेली असते. हा विषाणू आतड्याचं अस्तर सोलून काढतो आणि हाडांतल्या मगजावरही हल्ला करतो, त्यामुळे पांढऱ्या पेशी घसरतात. मग शरीरातलं पाणी, क्षार, साखर संपते, फाटलेल्या आतड्यातून जंतू रक्तात शिरतात आणि पिल्लू त्याने मरतं. म्हणून शिरेतून सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक आणि साखरेवर लक्ष, एवढंच खरं औषध. उपचाराविना बहुतेक पिल्लं जातात. वेळेत नीट उपचार मिळाले तर बहुतेक वाचतात. अमेरिकेत २०२३ साली थेट विषाणूवरच्या अँटिबॉडी इंजेक्शनला सशर्त मंजुरी मिळाली, पण तुमच्या पिल्लाला आज उपयोगी पडणार ते सलाईनच.

पैशांचा प्रश्न असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. भटक्याचं पिल्लू म्हटल्यावर बरेच जण बिलात सवलत देतात. मुंबईच्या जवळ असाल तर परळचं बैलघोडा हे प्राण्यांचं हॉस्पिटल आहेच, नाहीतर जिल्ह्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. कातडीखाली सलाईन टोचून घरी पाठवत असतील तर एवढं विचारा: 'एवढं सुकलेलं असताना ते शोषलं जाईल का?' फार सुकलेल्या पिल्लात ते नीट शोषलं जात नाही.

दिवसभर ड्रिप लावून रात्री घरी पाठवलं, तर खरी कसोटी पहाटेची. पिल्लू गार पडतं. गरम पाण्याची बाटली जुन्या मोज्यात घालून पोटाशी ठेवा, पण त्याला सरकून लांब जाता येईल एवढी जागा ठेवा. हिरड्यांना बोट लावा: चिकट, पांढुरक्या लागल्या, मान टाकली, झटके आले, तर मध किंवा साखरेचं पाणी बोटाने हिरड्यांवर चोळा आणि तसंच उचलून डॉक्टरकडे न्या. उलट्या चालू असताना सिरिंजने तोंडात काही ढकलू नका, फुप्फुसात जातं. उलटी आटोक्यात आली की मात्र उपाशीही ठेवू नका. डॉक्टरांना विचारून चमचा-चमचा पातळ खाणं थोड्या थोड्या वेळाने द्या. पोटात काही गेलं की आतडं लवकर भरून येतं. माणसांची पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा जुलाब बांधणारी गोळी अजिबात देऊ नका. आणि कितीही घाण वास आला (तो येतोच, एकदा घेतला की विसरत नाही) तरी आंघोळ नको. कोमट ओल्या फडक्याने शेपटीखालचं पुसा, लगेच कोरडं करा.

आता बाकीची तीन. ती एकाच घाणीत लोळलीत, तेव्हा लागण झालीच आहे असं धरून चाला. लक्षणं साधारण आठवड्याभरात दिसतात, क्वचित दोन आठवडे लागतात. आजारी पिल्लू आजच वेगळं करा. तिघांपैकी कुणी खाणं सोडलं, खेळताना बाजूला जाऊन बसलं, की रक्त दिसायची वाट बघू नका, त्याच तासाला न्या. लस आणि जंताचं औषध डॉक्टरांवर सोडा. लक्षणं सुरू झालेल्याला लस देत नाहीत. आधी निरोगी पिल्लांना खायला घाला, मग आजाऱ्याला, आणि त्याच्याकडे जायचे कपडे-चप्पल वेगळे. माणसाला हा रोग होत नाही, पण आपल्या चपलेवरून तो शेजारच्या पिल्लाकडे जातो.

फिनेलवर विश्वास नको. सॅनिटायझरवरही नको. हा विषाणू मारायला सोडियम हायपोक्लोराइटचं ब्लीच लागतं: आधी साबणाने घाण काढा, मग एक लिटर पाण्यात तीसेक मिली ब्लीच घालून फरशी दहा मिनिटं ओली राहू द्या. ॲसिड किंवा बाथरूम क्लीनर त्यात मिसळू नका, विषारी वायू होतो. पार्किंगच्या कडेची माती अशी धुता येत नाही. तिथे विषाणू महिनोन् महिने टिकतो, म्हणून ज्यांची लस पूर्ण झालेली नाही अशी पिल्लं तिथे यंदा आणू नका.

वाचलेलं पिल्लू बरं वाटलं तरी आणखी दोन आठवडे शीतून विषाणू टाकत असतं, तोवर वेगळंच. पुढे लसींचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या: सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे उलटेपर्यंत. एका डोसवर थांबू नका, कारण आईकडून आलेल्या अँटिबॉडी पहिल्या डोसला निष्प्रभ करू शकतात. आईला पकडता आलं तर लसीबरोबर नसबंदीचंही बघा.

पिल्लू वजनाला किती आहे आणि शेवटची लघवी कधी केली, हे निघण्याआधी लिहून घ्या. डॉक्टर दारातच विचारतील.