राउटर बदलण्यापूर्वी पोर्ट पाहा

नवा राउटर घेण्याआधी जुन्याचे लॅन पोर्ट, म्हणजे घरातली उपकरणे केबलने जोडायच्या खाचा, किती वेगाचे आहेत ते तपासावे. कारण १०० मेगाबिटच्या पोर्टमधून घरातल्याच एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल सेकंदाला जेमतेम ११-१२ मेगाबाइटने सरकते, तर गिगाबिट (१००० मेगाबिट) पोर्टवर हाच वेग ११० मेगाबाइटच्या आसपास जातो, आणि त्याचा इंटरनेटच्या प्लॅनशी काहीही संबंध नसतो. रत्नागिरीतील आमच्या घरात जांभ्याच्या जाड भिंतींमुळे माजघरातला वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल पडवीत येईपर्यंत अर्धमेला होतो. म्हणून फाइली साठवणारा संगणक गिगाबिट वेग पेलणाऱ्या कॅट ५ई केबलने थेट राउटरला जोडावा. लॅपटॉप तेवढा वायफायवर ठेवावा. खाऱ्या हवेने प्लगची एखादी पिन गंजली, तरी जोडणी गुपचूप १०० मेगाबिटवर उतरू शकते; माझे दोन रविवार हे शोधण्यातच गेले.